काही काम नव्हतं

"बोल भावा, काय काम काढलंस?"

अकरा वर्षांनी एका वर्गमित्राला फोन केला, तेव्हा पलीकडून आलेलं हे पहिलं वाक्य. त्यात राग नव्हता, टोमणा नव्हता. इतक्या दिवसांनी फोन आला म्हणजे काही काम असणार, असं धरून त्यानं सरळ विचारलं होतं. मी म्हणालो, "काही नाही रे, सहज." यावर तो जरा वेळ काहीच बोलला नाही. मग म्हणाला, "मग घरीच ये की."

त्याचं घर गडमुडशिंगीत, माझं कोल्हापुरात. मध्ये अर्ध्या तासाचीही वाट नाही. तरी ती तुडवायला मला अकरा वर्षं लागली.

आम्ही दोघे कोल्हापुरातल्या 'सायबर' या संस्थेचे, १९९८ची बॅच. डॉ. ए. डी. शिंदे यांनी १९७६ साली ही संस्था उभी केली आणि खेड्यापाड्यांतल्या कितीतरी मुलांना व्यवस्थापनाचं शिक्षण कोल्हापुरातच मिळू लागलं. आमच्या बॅचमधले काही बँकेत गेले, काही पुण्याच्या कंपन्यांत, काही परदेशी. या मित्रानं गोकुळ शिरगावला छोटं मशिन शॉप टाकलं. फाउंड्रीतून आलेल्या कास्टिंगचं मशिनिंग करून द्यायचं, असा जॉबवर्कचा धंदा. बॅचचा व्हॉट्सअॅप ग्रुप निघाला तेव्हा पहिल्या दिवसापासून तोही त्यात होता. काही वर्षांपूर्वी एका संध्याकाळी ग्रुपवर बारीक अक्षरांत त्याचं नाव आलं, पुढे 'बाहेर पडले' एवढंच. मी ते वाचलं. नंबर बदलला असेल, असं मनाशी म्हटलं आणि पुढचा मेसेज उघडला. तो स्नेहमेळाव्याच्या तारखेचा होता.

रविवारी त्याच्याकडे गेलो. दोन्ही लेथ विकल्या होत्या. बिलं अडकत गेली, ऑर्डर आटल्या, शेवटी शेडचं भाडंही अंगावर आलं. हे सगळं तो शांतपणे सांगत होता. हातात त्याचा व्हर्निअर होता. शॉपमधली तेवढीच एक वस्तू त्यानं ठेवून घेतली होती. बोलता बोलता तो व्हर्निअरचे जबडे सरकवायचा, पुन्हा मिटवायचा. मोजायला समोर काहीच नव्हतं.

"ग्रुप का सोडलास?" मी विचारलं.

"रोज कुणाचं प्रमोशन, कुणाची नवी गाडी. त्याचं काही नाही, अभिनंदन लिहायला मला कधी जड गेलं नाही. पण कुणाला फोन करावा म्हटलं, तर तो समजणार, हा पैसे मागायला आला. खरंच बोलावंसं वाटत होतं रे. म्हणून गप बाहेर पडलो."

त्याचं हे बोलणं त्या दिवसापासून माझ्या मनातून गेलेलं नाही. कामाशिवाय एकमेकांना फोन न करण्याची सवय आपण सगळ्यांनी मिळून लावून घेतली. वेळेचं मोल शिकलो, माणसाला फुकट त्रास देऊ नये हेही शिकलो. पण या सवयीची किंमत मोजतो कोण? ज्याचं बरं चाललंय त्याला ती कधीच मोजावी लागत नाही. ज्याचा पाय घसरलाय त्याच्याच तोंडाला ती कुलूप लावते. त्याचा प्रत्येक फोन ही याचनाच आहे असं समोरच्याला वाटणार, हे त्याला ठाऊक असतं.

यात नुकसान नुसतं भावनेचं नाही. मार्क ग्रॅनोव्हेटर या अमेरिकन समाजशास्त्रज्ञानं बोस्टनजवळच्या न्यूटन गावात नोकरी बदललेल्या लोकांना विचारलं, ही नोकरी तुम्हाला कळली कुणाकडून? १९७३ साली त्यानं लिहिलेला लेख आजही जगभर वाचला जातो. ओळखीतून नोकरी मिळालेल्यांपैकी जेमतेम १७ टक्के लोकांना ती आठवड्यातून दोनदा तरी भेटणाऱ्या माणसाकडून कळली होती. बाकीच्यांना ती अधूनमधून किंवा क्वचित भेटणाऱ्यांकडून कळली, आणि त्यांत कॉलेजचे जुने मित्रही होते. यातून आपण 'ओळखी वाढवा' एवढाच धडा घेतला. मला त्याची दुसरी बाजू आता दिसते. जो माणूस ओळखीच्या वर्तुळातून निमूटपणे बाहेर पडतो, त्याची पुढची वाटही बंद होते. आणि तो बाहेर पडताना आपण बघत असतो.

त्या रविवारी परतताना गांधीनगरवरून आलो. कापडाच्या दुकानांची ही गजबजलेली पेठ फाळणीनंतर आलेल्या सिंधी कुटुंबांनी वसवली. शेजारच्याच वळिवड्यात त्याआधी, १९४३ ते १९४८ या काळात, पोलंडच्या निर्वासितांची छावणी होती. सुमारे पाच हजार माणसं, त्यांत बहुतेक बायका आणि मुलं. छावणीत त्यांच्या शाळा होत्या. १९४८ नंतर ती मुलं इंग्लंड, पोलंड, अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलिया अशी पांगली. तरी त्यांनी एकमेकांना शोधलं, संघटना बांधली, आठवणी लिहून काढून त्यांचा ग्रंथ केला. २०१९ साली त्यांच्यातले काही जण पिकल्या केसांनी वळिवड्यात परत आले. सत्तर वर्षं या माणसांचं एकमेकांकडे असं कोणतं काम होतं? सगळं हरवलेल्या वयात आपण कुठे होतो, हे जाणणारी माणसं तेवढीच उरली होती. ती जपावीत, एवढंच.

आपल्या वर्गाचंही तसंच आहे. आपल्या हातात काहीच नव्हतं, तेव्हाचे आपण त्या साठ जणांनाच माहीत आहोत.

म्हणून या आठवड्यात वाचकांपाशी एक मागणं आहे. ग्रुपवर जो बोलत नाही, मेळाव्याला जो येत नाही, त्याचं नाव आठवा आणि त्याला फोन करा. मदत देऊ करू नका, सल्ला तर मुळीच नको. पाऊसपाणी, पोरांच्या शाळा, आई कशी आहे, इतकंच बोला. काम नसताना केलेल्या अशा दहा फोनांनी वाट मळते. मग कधी खरंच गरज पडली, तर त्या वाटेनं यायला त्याला लाज वाटत नाही.

त्या रविवारनंतर आमचं असंच बोलणं होत राहिलं. उसाचं बोललो, त्याच्या लेकीच्या बारावीचं बोललो. गेल्या गुरुवारी पुन्हा त्याचं नाव स्क्रीनवर दिसलं. मी फोन उचलला आणि नुसतं "बोल" म्हणालो.

"भावा," तो म्हणाला, "या खेपेला मात्र काम आहे." शिरोलीच्या एका कारखान्यात सुपरवायझरची जागा निघाली होती, तिथे माझ्या ओळखीचं कुणी आहे का, हे त्याला विचारायचं होतं. त्यानं ते सरळ विचारलं, न अडखळता.