स्मृतिभ्रंश आणि आत्मविचार

ज्या माणसाची स्मृती गेली त्याचे 'मी'पण शिल्लक राहते काय, हा प्रश्न भारतीय दर्शनांना नवा नाही; परंतु स्मृतीचे इंद्रिय देहात कसे घडते हे प्रयोगाने दाखविता येऊ लागल्यापासून त्याची जुनी मोघम उत्तरे पुरेनाशी झाली आहेत. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९९९ साली रुजू झालेल्या आणि पुढे भटनागर (२०१०) व इन्फोसिस (२०१४) पुरस्कारांच्या मानकरी ठरलेल्या शुभा टोळे यांचे संशोधन मेंदूच्या ऱ्हासावर नसून घडणीवर आहे, तरीही या प्रश्नाला ते थेट भिडते.

नव्या अनुभवांची आठवण बनविण्यास अत्यावश्यक असलेला मेंदूचा भाग म्हणजे हिप्पोकॅम्पस. गर्भावस्थेत मेंदूच्या बाह्यकाच्या कडेला पेशींची एक पट्टी असते आणि तिच्याकडून येणाऱ्या रासायनिक संकेतांमुळे शेजारच्या पेशींतून हिप्पोकॅम्पस आकाराला येतो. टोळे यांच्या गटाने २००८ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात दाखवून दिले की, आद्यपेशींनी बाह्यक व्हावे की ही पट्टी, हे एलएचएक्स२ नावाचे जनुक ठरविते. उंदराच्या गर्भात ते तुरळक ठिकाणी निकामी केले असता तेथे नव्या पट्ट्या तयार झाल्या आणि त्यांच्या शेजारी एकाहून अधिक हिप्पोकॅम्पस उभे राहिले. हा निर्णय गर्भावस्थेच्या फार सुरुवातीच्या, मोजक्या अवधीतच होतो. तो अवधी टळल्यावर जनुक काढून घेतले तरी बाह्यकाच्या पेशींची अशी पट्टी बनत नाही. आलोइस आल्झायमर यांनी १९०६ साली प्रथम वर्णिलेल्या विकारात, म्हणजे चेतापेशींबाहेर अमायलॉइड आणि पेशींच्या आत टाऊ या प्रथिनांचे साठे होऊन पेशी मरत जाणाऱ्या ऱ्हासात, ज्या भागांना आरंभीच झळ पोहोचते त्यांतही हाच हिप्पोकॅम्पस येतो.

स्मृतीला असा देहाचा आदि आणि अंत असेल, तर आत्म्याचे काय? धाराशिव जिल्ह्याच्या भूम तालुक्यातील कुंथलगिरी हे ज्या परंपरेचे सिद्धक्षेत्र आहे, त्या जैन दर्शनाचे उत्तर सर्वांत काटेकोर वाटते. तत्त्वार्थसूत्रात स्मृतीची गणना मतिज्ञानात, म्हणजे इंद्रिये व मन यांच्या साहाय्याने होणाऱ्या ज्ञानात केली आहे; ज्ञान हा आत्म्याचा गुण मानला असला, तरी त्याला झाकणारे ज्ञानावरणीय कर्म हे पुद्गल, म्हणजे जडद्रव्यच आहे. जडामुळे ज्ञान झाकोळते हे ऐकून जैन तत्त्वज्ञाला धक्का बसण्याचे कारण नाही. अडचण वेगळी आहे : आवरण हे आधीपासून असलेल्या गोष्टीवर पडते, आणि गर्भातील प्रयोग तर स्मृतीचे साधन मुळात घडताना दाखवितो. साधन आणि ज्ञाता यांतला भेद मान्य केला तरच आवरणाची कल्पना टिकते; आणि हा भेद प्रयोगशाळा सिद्धही करीत नाही, खोडूनही काढीत नाही.

मात्र आचारधर्मात ही परंपरा मनाच्या स्वास्थ्याला फार मोठे स्थान देते. दिगंबर जैन मुनी आचार्य शांतिसागर यांनी १९५५ साली कुंथलगिरीवर सल्लेखना, म्हणजे आहार क्रमाक्रमाने सोडून मृत्यू स्वीकारण्याचे व्रत, घेतली ती दृष्टी मंदावून पायाखालचे जीव दिसेनासे झाल्याने अहिंसाव्रत पाळणे अशक्य झाले म्हणून. बुद्धी शाबूत होती, आणि ती शाबूत असणे ही या व्रताची अटच आहे. ज्याचे भान गेले त्याला हे व्रत घेता येत नाही. आत्मा नित्य मानणाऱ्या परंपरेनेही जबाबदार कर्त्याला शाबूत मनाशी बांधले आहे, ही गोष्ट तत्त्वचर्चेत फारशी विचारात घेतली जात नाही.

धाराशिव जिल्ह्यातीलच तेरच्या संत गोरोबाकाका कुंभारांची कथा दुसरा सावधपणा शिकविते. भजनात देहभान हरपल्याने चिखलासोबत आपले मूलही तुडविले गेल्याचे त्यांना कळले नाही, असे कथा सांगते. या तन्मयतेचे आणि स्मृतिभ्रंशाचे बाह्यरूप सारखे भासले, तरी एकीत अहंकार गळतो आणि दुसऱ्यात अहंकार तसाच राहून त्याला आधार देणाऱ्या आठवणी तेवढ्या गळतात. म्हणूनच रुग्ण भांबावतो, भितो, चिडतो. विस्मरणात विरक्ती पाहणारे कौतुक त्यामुळे चुकीचेच नव्हे, तर निष्ठुरही आहे.

'साठी बुद्धी नाठी' म्हणून घरातील वृद्धाकडे काणाडोळा करणे किंवा कर्मभोग म्हणून हात झटकणे, यांपैकी कशालाही या परंपरांचा आधार मिळत नाही. कर्मसिद्धान्त मानणाऱ्या जैन धर्मानेच आहार, शास्त्र व अभय यांच्याबरोबर औषधदान हे चार दानांपैकी एक मानले आहे. आणि ब-१२ जीवनसत्त्वाचा अभाव किंवा थायरॉइडची मंदता यांमुळे आलेले विस्मरण वेळीच ओळखले तर उपचारांनी सुधारू शकते, म्हणून अशा वृद्धाला आधी डॉक्टरांकडे न्यावे.