चिठ्ठीवर टाकलेला पाय

नडगीचे हाड घोट्याच्या थोडे वर मोडले की सर्जनपुढे मुख्यतः दोन वाटा असतात. एक, हाडाच्या पोकळीतून सळई घालायची, ज्याला घरोघरी ‘रॉड टाकला’ म्हणतात. दुसरी, बाजूने प्लेट बसवून ती स्क्रूने आवळायची. २०१३ ते २०१६ या काळात ब्रिटनमधल्या २८ रुग्णालयांत ३२१ जणांच्या बाबतीत ही निवड सर्जनने केली नाही, रुग्णानेही केली नाही. संगणकाने चिठ्ठी काढली आणि त्यात आले ते पायात बसले. सहा महिन्यांनी दोन्ही गटांच्या हिंडण्याफिरण्यातल्या अडचणी मोजल्या, तेव्हा ठामपणे बोट ठेवता येईल असा फरक निघाला नाही.

निकाल बाजूला ठेवला तरी चिठ्ठी उरतेच. मोडलेला पाय घेऊन माणूस डॉक्टरकडे जातो तो ‘तुम्हाला कळतं, तुम्हीच ठरवा’ या भरवशावर. ज्याच्यावर भरवसा टाकला त्याने ठरवण्याचे काम दैवाकडे सोपवावे, हे वैद्यधर्मात बसते का? प्रश्न वाटतो त्याहून जुना आहे, आणि तो सोडवू पाहणाऱ्यांत डॉक्टरांइतकेच धर्मशास्त्रीही आहेत.

चिठ्ठीच्या आधीचे जग कसे होते, ते दोन नामांकित पायांवरून कळते. पहिला पाय फ्रेंच शल्यविशारद आम्ब्रुआझ पारे याचा. १५६१ साली घोड्याने लाथ मारली आणि त्याच्या नडगीची दोन्ही हाडे मोडून कातडीबाहेर आली. अशा पायाला तेव्हा बहुधा करवतच लागायची. पारेने पाय राखला आणि तो बरा झाला. जखम बांधणे आपले काम, बरे करणारा देव, अशी त्याची धारणा होती. दुसरा पाय लंडनच्या पर्सिव्हल पॉटचा. १७५६ साली ओल्ड केंट रोडवर तो घोड्यावरून पडला. हाड बाहेर आलेले, पण गडी इतका सावध की त्याने कुणाला स्वतःला हात लावू दिला नाही. खुर्ची वाहणारे भोई बोलावले, ते येईपर्यंत जवळपास कुणाकडून तरी एक दार विकत घेतले, भोयांचे दांडे त्या दाराला ठोकायला लावले आणि त्यावर आडवा होऊन घरी आला. जमलेल्या सर्जनांनी पाय कापायचा निर्णय घेतला. हत्यारे मांडली गेली. तेवढ्यात त्याचे गुरू एडवर्ड नर्स पोहोचले आणि म्हणाले, वाचवून बघू. पाय वाचला. पुढे पॉटने अस्थिभंगावर लिहिले ते दीर्घकाळ वाचले गेले.

दोन्ही गोष्टी ऐकायला झकास आहेत आणि अडचणही तीच आहे. पाय राखण्याच्या नादात जखम सडून दगावलेली माणसे ग्रंथ लिहायला उरत नाहीत. एडवर्ड नर्स अर्धा तास उशिरा आले असते तर कापलेल्या पायाचा पॉट ‘कापला म्हणून जगलो’ असे तितक्याच खात्रीने सांगत राहिला असता, आणि त्याला खोटे ठरवायला कुणाकडे काही नसते.

जखमा निर्जंतुक ठेवायला शिकवणाऱ्या जोसेफ लिस्टर या सर्जनची सुरुवातही एका नडगीपासूनच झाली. १२ ऑगस्ट १८६५ रोजी ग्लासगोच्या रॉयल इन्फर्मरीत जेम्स ग्रीनलीज हा अकरा वर्षांचा मुलगा आला. गाडीचे चाक पायावरून गेले होते आणि हाडाजवळची कातडी फाटली होती. लिस्टरने जखमेवर कार्बोलिक ॲसिडमध्ये भिजवलेली पट्टी बांधली. जखम चिघळली नाही, हाड जुळले. १८६७ साली त्याने ‘लान्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात अशा अकरा रुग्णांची हकिगत छापली: एक दगावला, एकाचा पाय गेला, नऊ जण पायासकट घरी गेले. चिठ्ठी नव्हती, तुलनेचा गट नव्हता, तरी माणूस बरोबर होता. त्याच लिस्टरने ऑपरेशनच्या वेळी हवेत कार्बोलिकचा फवारा मारायची पद्धत आणली. सर्जनांचे हात सोलवटून काढणारा हा फवारा वर्षानुवर्षे चालला आणि शेवटी १८९० मध्ये बर्लिनच्या परिषदेत, आपण तो सुचवला याची लाज वाटते, असे त्याने स्वतःच सांगितले. पट्टी आणि फवारा या दोन्हींवर त्याचा विश्वास सारखाच होता. कुठला खरा आणि कुठला फुकटचा, हे त्या विश्वासाच्या तीव्रतेवरून कळायला मार्ग नव्हता.

लिस्टरनंतर सुमारे दीडशे वर्षांनी उघड्या जखमेचा तोच प्रश्न ‘फ्लो’ नावाच्या चाचणीत पुन्हा पुढे आला. हाड बाहेर आलेली जखम ऑपरेशनच्या वेळी धुवायची कशाने, आणि किती जोराने? प्रयोगशाळेतल्या आणि प्राण्यांवरच्या कामावरून साबणाचे पाणी सरस ठरेल असे वाटत होते. जोराची धार घाण जास्त काढते, की ऊतींना इजा करते, यावर दोन तट होते. अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, नॉर्वे आणि भारतातल्या ४१ केंद्रांमधल्या २,४४७ रुग्णांचा हिशेब २०१५ साली प्रसिद्ध झाला. साबणाने धुतलेल्यांपैकी १४.८ टक्क्यांना वर्षभरात पुन्हा ऑपरेशन लागले, साध्या सलाइनने धुतलेल्यांपैकी ११.६ टक्क्यांना. धारेच्या जोराने काही फरक पडला नाही. वर टांगलेल्या पिशवीतून आपसूक उतरणारे पाणीही महागड्या यंत्राइतकेच काम करत होते. तालुक्याच्या गावातल्या, चार वस्तूंवर भागवणाऱ्या थिएटरसाठी ही बातमी बारीक नाही.

आता साबणाच्या गटात पडलेल्या माणसाचा विचार करावा. चिठ्ठी उलटी निघाली असती तर कदाचित त्याचे दुसरे ऑपरेशन टळले असते. त्याच्यावर अन्याय झाला का?

दैवाला कितपत मान द्यायचा, या प्रश्नावर सतराव्या शतकात युरोपात चांगलीच जुंपली होती. १६१९ साली लंडनच्या थॉमस गॅटेकर या प्युरिटन धर्मोपदेशकाने चिठ्ठ्या टाकण्यावर अख्खा ग्रंथ लिहिला. चिठ्ठी म्हणजे थेट देवाचा निवाडा, म्हणून जुगारात किंवा करमणुकीत ती वापरणे हे पाप, असे त्याचे विरोधक मानत. गॅटेकरचे उत्तर त्या काळाच्या मानाने धाडसी होते. फाशाच्या पडण्यात देवाचा काही खास हात नसतो, जगातल्या इतर घटनांसारखीच तीही एक घटना. म्हणून चिठ्ठी वापरावी ती जिथे दोन्ही बाजू सारख्याच आहेत तिथे. तिच्याकडून देवाचे मन जाणून घ्यायला जाऊ नये. आणि बाब जितकी किरकोळ, तितकी चिठ्ठी निर्दोष.

साधारण त्याच सुमारास ब्रसेल्सजवळ व्हान हेल्मॉन्ट हा वैद्य रक्त काढून आणि जुलाब देऊन उपचार करणाऱ्यांवर चिडला होता. त्याने आव्हान दिले: तापाचे दोनशे-पाचशे गरीब रुग्ण घ्या, दोन भाग करा, चिठ्ठ्या टाका. एक भाग तुमचा, एक माझा. मग कुणाच्या वाट्याला किती अंत्ययात्रा येतात ते मोजू. वर तीनशे फ्लोरिनची पैजही लावली. हे त्याच्या मृत्यूनंतर, १६४८ साली छापले गेले आणि पैज कुणी घेतली नाही. रुग्ण गरीबच का, हा प्रश्न त्याला पडलेला दिसत नाही. पुढे तीनशे वर्षे तो पुष्कळांना पडला नाही.

दैवाला विचारण्याची रीत आपल्याकडेही आहे: कोकणात आणि गोव्यात देवाला कौल लावतात. मूर्तीवर कळ्या किंवा ओले तांदूळ चिकटवतात, गुरव गाऱ्हाणे घालतो आणि कुठल्या बाजूचे आधी पडते त्यावरून होकार-नकार ठरतो. बाहेरून पाहणाऱ्याला संशोधनातली चिठ्ठी तशीच वाटेल, पण दोन्हींचा आत्मा उलटा आहे. कौल विचारणाऱ्याची श्रद्धा अशी की समोरचा आपल्याला ओळखतो, आपले गाऱ्हाणे ऐकतो आणि आपल्यापुरते उत्तर देतो. संगणकाची चिठ्ठी रुग्णाला अजिबात ओळखत नाही आणि तिची सगळी किंमत या अनोळखीपणात आहे. सर्जनने निवडले तर तो तरण्याबांड माणसाला नवी सळई देईल आणि विडी ओढणाऱ्या मधुमेह्याला जुनी पद्धत. मग वर्षाने मोजले जाईल ते सळईचे यश नसेल, तरुणपणाचे असेल. संख्याशास्त्रज्ञ ब्रॅडफर्ड हिल यांनी क्षयावरच्या १९४८ च्या स्ट्रेप्टोमायसिन चाचणीत बंद पाकिटे वापरली ती याचसाठी: डॉक्टरांचा कनवाळूपणाही हिशेबात घुसू नये.

पण ज्या सर्जनला मनातून एक बाजू पटलेली आहे, त्याने काय करायचे? अमेरिकी कायदेपंडित चार्ल्स फ्रीड यांनी १९७४ मध्ये मांडलेली अट कडक होती. डॉक्टरच्या मनाचा काटा अगदी मधोमध असेल तेव्हाच चिठ्ठी टाकणे रास्त. ती अट पाळली तर संशोधन सुरूच होणार नाही, कारण पंधरा वर्षे प्लेट बसवणाऱ्याचा काटा मधोमध कसा असेल? १९८७ साली मॉन्ट्रियलचे तत्त्वज्ञ बेंजामिन फ्रीडमन यांनी यातून वाट काढली. काटा एका डॉक्टरच्या मनातला बघू नका, सगळ्या जाणकारांच्या बिरादरीतला बघा. प्रामाणिक जाणकारांत दुमत असेल, तर माझे मत माझे असूनही मी म्हणू शकतो की समोरच्या सर्जनचे म्हणणे तितकेच विचारात घेण्याजोगे आहे. फ्रीडमन धर्मनिष्ठ ज्यू होते आणि ज्यू परंपरेच्या आधारे वैद्यकीय नीतीवर त्यांनी सविस्तर लिहिले. ज्या परंपरेत हरलेल्या पक्षाचे मतही जिंकलेल्याशेजारी जपून ठेवतात, तिथे वाढलेल्या माणसाला दुमत हा ज्ञानाचा दोष वाटू नये, यात नवल नाही.

युक्तिवाद चोख आहे. पायाच्या मालकाचे त्याने समाधान होईलच असे मात्र नाही. रुग्णाला बिरादरीचे मत नको असते, समोरच्या माणसाचे हवे असते. ‘तुमचा स्वतःचा भाऊ असता तर काय केलं असतं?’ हा प्रश्न प्रत्येक सर्जनला ऐकावा लागतो. फ्रीडमनच्या तत्त्वाने चालणाऱ्याने तेव्हा आपला कल लपवू नये. ‘मी रॉड टाकला असता, पण माझ्याइतकेच अनुभवी लोक प्लेट बसवतात आणि कोण बरोबर ते मला सिद्ध करता येत नाही,’ असे सांगावे. तरीही रुग्ण हो म्हणाला तर तो खरा होकार. अर्थात असे सांगायला लागणारा वेळ ओपीडीच्या रांगेत कुठून आणायचा, हे तत्त्वज्ञान सांगत नाही.

आणि रुग्ण शुद्धीवरच नसेल तर? चिरडलेल्या पायांवर साधे ड्रेसिंग चांगले, की जखम हवाबंद करून पंपाने शोषत राहणारे ‘व्हॅक’, याची चाचणी ब्रिटनमधल्या २४ रुग्णालयांत ४६० जणांवर झाली. हे लोक अपघातातून सरळ थिएटरात येत, वेदनेने किंवा औषधाने भान हरपलेले. मानसिक क्षमता नसलेल्यांसाठीच्या तिथल्या कायद्याच्या चौकटीत त्यांची नावे चाचणीत घातली जात आणि सावरल्यावर होकार विचारला जाई. २०१८ साली निकाल आला: वर्षभरानंतरच्या अपंगत्वात फरक नाही, खोल जंतुसंसर्गातही नाही. माणसाचा केवळ साधन म्हणून वापर करू नये, ही तत्त्वज्ञ कांटची अट इथे ताणली जाते, हे मान्य करावे लागेल. पण चाचणीबाहेरच्या बेशुद्ध रुग्णाला तरी कोण विचारत होते? त्याच्या जखमेवरही कुठले तरी ड्रेसिंग बसतच होते, युनिटच्या सवयीप्रमाणे. सवयीने केलेल्या निवडीला संमती लागत नाही आणि चिठ्ठीने केलेल्या निवडीला लागते, या व्यवस्थेत संशय नेहमी प्रामाणिक माणसावरच घेतला जातो.

‘स्प्रिंट’ या चाचणीत एक अनपेक्षित गोष्ट घडली. सळई घालण्याआधी हाडाची पोकळी कोरून रुंद करावी की नाही, हा तिचा विषय होता. मोहित भंडारी आणि सहकाऱ्यांनी कॅनडा, अमेरिका आणि नेदरलँड्समधल्या १,२२६ रुग्णांचा वर्षभराचा पाठपुरावा करून २००८ साली उत्तर दिले. बंद अस्थिभंगात कोरण्याचा काहीसा फायदा, उघड्यात नाही. पण चाचणीत एक नियम घातला होता. हाड जुळत नाही असे वाटले, तरी पहिले सहा महिने त्यासाठी पुन्हा ऑपरेशन करायचे नाही. एरवी क्ष-किरण चित्र बघून हात शिवशिवणारे सर्जन नाइलाजाने थांबले. हाड न जुळल्यामुळे सळई बदलावी लागलेले किंवा दुसरीकडचे हाड आणून भरावे लागलेले रुग्ण शेवटी भरले फक्त ४.६ टक्के. पुष्कळ हाडे नुसती वेळ मागत होती. कोरणे की न कोरणे या वादात हा तिसरा पक्ष कुणी मांडलेलाच नव्हता.

चिठ्ठी पोहोचत नाही अशी जागाही याच पायात आहे. पाय इतका चिरडलेला असतो की कापावा की राखावा हाच प्रश्न असतो, तेव्हा ते संगणकावर सोडायला कुणी तयार होणार नाही, आणि व्हावे असेही वाटत नाही. गॅटेकरची किरकोळपणाची अट इथे पुरती मोडते. म्हणून अमेरिकेतल्या आठ मोठ्या ट्रॉमा केंद्रांनी ५६९ रुग्णांचे फक्त निरीक्षण केले. सर्जन आणि कुटुंबे ठरवतील ते ठरवू दिले आणि नोंद ठेवली. २००२ साली आलेल्या निष्कर्षांनुसार दोन वर्षांनी पाय कापलेल्यांची आणि राखलेल्यांची अवस्था जवळपास सारखी होती. राखलेल्यांपैकी ४७.६ टक्क्यांना, तर कापलेल्यांपैकी ३३.९ टक्क्यांना पुन्हा रुग्णालयात भरती व्हावे लागले होते. ज्यांचे हाल जास्त झाले त्यांच्यात वेगळ्याच खुणा सापडल्या: कमी शिक्षण, गरिबी, खासगी आरोग्य विमा नसणे, धूम्रपान, घरच्यांचा आधार नसणे, आपण यातून सावरू असा विश्वास नसणे, भरपाईसाठी कोर्टात चाललेला दावा. यातले बहुतेक काही सर्जनच्या हातात नव्हते आणि चिठ्ठीत घालून वाटताही आले नसते.