राग अजून आहे का?



चेरोकी लोक हे अमेरिकेच्या आग्नेय भागातील डोंगराळ मुलखाचे मूळ रहिवासी. जेम्स मूनी या अभ्यासकाने त्यांच्यात राहून त्यांच्या लोककथा गोळा केल्या आणि १९०० साली प्रसिद्ध केल्या. त्या वाचताना एका छोट्या गोष्टीपाशी आम्ही थबकलो.

पहिला पुरुष आणि पहिली स्त्री सुखाने नांदत होती. पुढे खटके उडू लागले. एके दिवशी ती घर सोडून पूर्वेकडे, सूर्याच्या देशाकडे निघाली. तो दुःखी होऊन मागोमाग चालू लागला. पण तिने वळून पाहिले नाही. सूर्याला त्याची दया आली. सूर्याने विचारले, तिच्यावरचा तुझा राग अजून आहे का? तो म्हणाला, नाही. ती परत यावी असे वाटते का? तो म्हणाला, हो.

मग सूर्याने तिच्या वाटेवर पिकलेल्या फळांची झुडपे उगवली. तिने तिकडे लक्षही दिले नाही. आणखी फळे आली, तरी ती थांबली नाही. शेवटी तिच्या पायाशी लालबुंद स्ट्रॉबेरी दिसल्या, जगातल्या पहिल्याच! त्या खुडायला ती वाकली, सहज तोंड पश्चिमेकडे वळले आणि नवऱ्याची आठवण दाटून आली. पुढे पाऊल टाकवेना. चांगली चांगली फळे वेचून, त्याला देण्यासाठी ती माघारी निघाली. वाटेत भेट झाली. दोघे मिळून घरी गेली.

प्रथम आम्हाला ही लहान मुलांची गोष्ट वाटली. पुन्हा वाचली तेव्हा मात्र ती मनाला टोचली. सून रुसून माहेरी गेली की आपण सारे तिलाच समजावतो, ‘जरा सोसून घे.’ आम्हीही असा सल्ला दिला आहे. येथे मात्र पहिला प्रश्न नवऱ्याला आहे. फळे नंतर आली. राग आधी गेला. शिवाय तिला कोणी ओढून आणले नाही. ती आपणहून वळली.

सूर्य मावळण्यापूर्वी राग सोडा, असे संत पौल इफिसकरांस सांगतो. वेदीवर अर्पण ठेवण्याआधी भावाशी समेट कर, असे प्रभू येशू सांगतो. क्रम तोच आहे.

एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगायला हवी. ज्या घरात मारहाण होते, तेथे बाईला परत पाठवण्यासाठी या कथेचा आधार कोणी घेऊ नये. तिला प्रथम सुरक्षित आसरा हवा.

१८३८-३९ मध्ये याच चेरोकी लोकांना सैन्याच्या बळावर घरांतून हुसकावून दूर पश्चिमेला नेण्यात आले. हजारो माणसे त्यात दगावली. घर हरवलेल्या या लोकांनी घरी परतण्याची ही गोष्ट मात्र हरवू दिली नाही.

आज मिस्साहून घरी जाताना आपण प्रत्येकाने स्वतःला विचारू या : माझा राग अजून आहे का?

आमेन.