भिंतीवरील दोन चित्रे

सन २०२५ च्या सप्टेंबर महिन्यात खामगावातील एका कुटुंबाच्या घरी आशीर्वादविधीसाठी गेलो होतो. प्रार्थना आटोपून पवित्र पाणी शिंपडत मुलाच्या खोलीत गेलो आणि थबकलो. भिंतीवर येशूच्या पवित्र हृदयाची आजोबांच्या काळातील तसबीर होती. तिच्या शेजारी, तिच्याहून दुप्पट मोठे, एका तरुणाचे चित्र होते. कपाळावर व्रण, हातात तलवार, अंगावर हिरव्या-काळ्या चौकड्यांचा झगा. "हा कोण रे?" मी विचारले. "तांजिरो, फादर," मुलगा उत्साहाने म्हणाला. त्याच आठवड्यात तो मित्रांबरोबर अकोल्याला जाऊन 'डेमन स्लेयर' हा जपानी चित्रपट हिंदीत पाहून आला होता. आई म्हणाली, "फादर, आता तुम्हीच याला सांगा. जेवताना, झोपताना याला दुसरे काही सुचत नाही."

मी सांगितले. पहिल्या आज्ञेचा दाखला दिला, खोट्या देवांचे नाव घेतले. चित्र उतरले. पुढच्या रविवारपासून तो मुलगा वेदीसेवेला येईनासा झाला. मिस्साला येई, पण मागच्या बाकावर बसे आणि माझी नजर चुकवी. मन मला विचारू लागले, कल्पित नायकावर जीव लावणे म्हणजे खरोखर मूर्तिपूजा काय?

हे वेड परके वाटले, तरी आपल्या घरांना ते तितके नवे नाही. १९९३ साली दूरदर्शनवर रविवारी सकाळी ज्या 'मोगली'ने गल्ल्या ओस पाडल्या, तो जपानी कलावंतांनीच रेखाटला होता. युगो साको आणि राम मोहन यांनी मिळून केलेले चित्ररामायण २०२५ च्या जानेवारीत आपल्या चित्रपटगृहांत आले. २०१९ साली तर भारतीय चाहत्यांनी सह्या गोळा करून माकोतो शिन्काई यांचा 'वेदरिंग विथ यू' हा चित्रपट येथे आणविला. जपानमध्ये छापील चित्रकथेला 'मांगा' आणि चलत्चित्राला 'ॲनिमे' म्हणतात. त्यांच्या निस्सीम चाहत्यांना 'ओताकु'. एके काळी हा शब्द हिणवण्यासाठी वापरला जाई.

या चाहत्यांची भाषा आणि कृती पाहिली की धर्मगुरूने अंतर्मुख व्हावे. चित्रकथेत दिसलेल्या गावांना, पुलांना, शाळांना भेट देण्यास ते 'सेइची जुनरेई' म्हणतात, म्हणजे पवित्र स्थळांची यात्रा. साइतामा प्रांतातील वाशिनोमिया या शिंतो मंदिरात २००७ पासून 'लकी स्टार' मालिकेचे चाहते लोटू लागले आणि नवसाच्या लाकडी पाट्यांवर आवडत्या पात्रांची चित्रे काढून टांगू लागले. मुंबईच्या मेळाव्यांतही तरुण मुले-मुली आपापल्या नायकाचा वेश करून येतात. आपणही सकल संतांच्या सणाला मुलांना संत फ्रान्सिसचा झगा घालतोच ना? तसबीर, वेश, यात्रा ही सारी भक्तीची जुनी साधने आहेत. ती त्यांच्याकडे गेली, एवढेच.

मग भेद कोठे? इ.स. ७८७ मध्ये निकेया येथील दुसऱ्या धर्मपरिषदेने प्रतिमांचा वाद मिटविला. प्रतिमेला दिलेला मान प्रतिमेजवळ थांबत नाही. ज्याची ती प्रतिमा, त्याच्यापर्यंत तो पोहोचतो. आराधना मात्र एका परमेश्वराचीच, असा तिचा निर्णय होता. संताच्या तसबिरीपलीकडे कोणीतरी जिवंत आहे, जो आपल्यासाठी विनवणी करतो. तांजिरोच्या चित्रापलीकडे कोणी नाही. कोणी म्हणेल, करुणा शिकवणारी कथा असेल, तर नायक खरा की खोटा याने काय बिघडते? शिकण्यापुरते बिघडत नाही. प्रभूनेही दाखले सांगितलेच. त्यांतील उधळ्या पुत्राचे गाव कोणी शोधत नाही. परंतु कल्पित नायक आपल्याला उलट प्रश्न करीत नाही, चुकलो तर क्षमा करीत नाही, दाराशी उपाशी उभा राहत नाही. त्याच्यावरचे प्रेम त्याच्यापाशीच थांबले, तर ते हळूहळू आपल्याच मनोरथांवरचे प्रेम होते; आणि बाजार तेच प्रेम बाहुल्या, बिल्ले, सदरे यांच्या रूपाने आपल्याला पुन्हा विकतो. मात्र ते प्रेम माणसाला शेजाऱ्याच्या दाराकडे वळवीत असेल, तर त्याला मूर्तिपूजा म्हणण्याची घाई आपण करू नये. ख्रिस्तसभेनेही २०२५ च्या ज्युबिली वर्षासाठी 'लूचे' ही यात्रेकरू मुलगी याच जपानी धाटणीत रेखाटवून घेतली.

या विचारांती मी त्या घरी पुन्हा गेलो. "मी न विचारताच बोललो, माझे चुकले," असे मुलाला म्हणालो आणि कथा सांगण्याची विनंती केली. तो आधी आढेवेढे घेत, मग भरभरून बोलला. राक्षसाने तांजिरोचे कुटुंब मारले, वाचलेली बहीण राक्षसीण झाली, तरी तो तिला पेटीत घालून पाठीवर वाहतो. "आणि फादर, राक्षस मरतो ना, तेव्हा तो त्याच्या पाठीवर हात ठेवतो. कारण तोही आधी माणूसच होता." वैऱ्यांवर प्रीती करा, यावर मी कित्येक प्रवचने दिली आहेत, त्या मुलाने ती एका वाक्यात सांगितली.

मग मी त्याला वसईच्या गोन्सालो गार्सियाची कथा सांगितली. हाही आपल्याकडचाच मुलगा. किशोरवयात जपानला गेला, ती भाषा शिकला, व्यापार केला, मग सारे सोडून फ्रान्सिस्कन बंधू झाला. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीच्या टेकडीवर सव्वीस जणांना क्रुसावर मारले, त्यांत तो होता आणि बारा वर्षांचा लुईसही होता. पुढे तेथील अधिकारी लोकांना ख्रिस्ताच्या प्रतिमेवर पाय ठेवायला लावीत. तरीही, दोन शतकांहून अधिक काळ धर्मगुरू नसताना, १८६५ साली काही गावकरी नागासाकीच्या नव्या चर्चमध्ये आले आणि पवित्र मरियेची मूर्ती कोठे आहे, असे त्यांनी हळूच विचारले.

मुलगा बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "हे खरंच झालं होतं, फादर?"

"खरंच."

"मग आम्हाला धर्मशिक्षणात का नाही सांगितलं?"

याचे उत्तर माझ्यापाशी नव्हते. आपण मुलांना संतांच्या तसबिरी दिल्या, सणांच्या तारखा पाठ करवून घेतल्या. संतांच्या कथा मात्र सांगायच्या राहिल्या. ती रिकामी जागा कोणीतरी भरणारच होते. पालकहो, मुलाच्या भिंतीवरील चित्र उतरवण्यापूर्वी त्याची कथा ऐका; आणि मग आपल्याजवळची कथा, जी खरी आहे, तितक्याच जिव्हाळ्याने सांगा. त्या खोलीत आता दोन्ही चित्रे आहेत. मुलगा अजून वेदीसेवेला परतलेला नाही. मी वाट पाहतो आहे.