विष कुणाचे, दोष कुणाचा

सर्वांत जहाल विषाचा साप सर्वांत जास्त माणसे मारतो, असे नाही. ऑस्ट्रेलियातल्या ओसाड अंतर्भागात राहणाऱ्या तैपानचे विष, उंदरांवरील प्रयोगांचा हिशेब धरला तर, जमिनीवरच्या सगळ्या सापांत जहाल ठरते. पण त्याची आणि माणसाची गाठच क्वचित पडते, आणि त्याच्या दंशाने मरण आल्याच्या नोंदी जवळजवळ नाहीत. भारतात मात्र २००० ते २०१९ या काळात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसे दगावल्याचा अंदाज आहे. विष हा सापाचा गुण. धोका साप आणि माणूस यांच्या गाठीभेटीतून उपजतो. मग दोष कुणाच्या पदरी घालायचा, हा प्रश्न शास्त्रापुरता राहत नाही.

ही गाठ कशी पडते, ते बऱ्हाणपूरजवळच्या लालबागला दिसते; हा सगळा मुलूख केळीचा. बागेत कापलेली पाने खुंटाशी पडून राहतात, ओल टिकते, उंदीर-बेडूक जमतात आणि त्यांच्यामागे घोणस येते. ती वाळल्या पानांच्या रंगाची, सुस्त, पायरव ऐकून बाजूला न होणारी. रात्रीच्या विजेवर पाणी भरायला अनवाणी गेलेल्याचा पाय तिच्यावर पडतो. ती विष भरपूर सोडते. रक्त गोठेनासे होते, पुढे मूत्रपिंडे निकामी होतात. मण्यारीची तऱ्हा उलटी. दिवसा ती गरीब, पण रात्री भक्ष्य शोधत घरात शिरते आणि जमिनीवर झोपलेल्याला चावते. दंश फारसा दुखत नाही, सूजही नसते. पहाटे पोटात कळा येतात, पापण्या जड होतात, मग श्वास अडतो. तिचे विष नागापेक्षा कित्येक पट जहाल. तरी खाटेवर, मच्छरदाणी नीट खोचून झोपलेल्याला ती सहसा गाठत नाही. फुरसे लहानसे, पण चटकन डिवचले जाणारे. नाग निदान फणा काढून बजावतो. पंचमीला पूजाही त्याचीच होते. त्या दिवशी नांगर धरत नाहीत, विळीवर चिरत नाहीत. न बजावता चावणाऱ्या मण्यारीच्या नावाचा सण नाही, ही गंमतच म्हणायची.

महाभारताच्या अनुशासनपर्वात हा दोषाचा वाद थेट येतो. गौतमी नावाच्या वृद्धेचा मुलगा सर्पदंशाने मरतो. अर्जुनक व्याध साप बांधून आणतो आणि त्याला मारू द्या म्हणतो. गौतमी नको म्हणते. सापाला मारून मुलगा परत येणार नाही. साप म्हणतो, मी परतंत्र, मृत्यूने मला धाडले; कुंभाराचे चाक आणि दंड जसे स्वतः घडा घडवत नाहीत, तसा मी. मृत्यू काळाकडे बोट दाखवतो. काळ म्हणतो, मुलाचे कर्मच त्याला कारण. साप सुटतो.

सापाची बाजू इथे खरी आहे. त्याला हेतू नाही, आणि हेतूवाचून पाप धरता येत नाही. काळाचे उत्तर मात्र अवघड आहे. दंशाचे बळी बहुतांशी खेड्यांतले, आणि जवळपास निम्मे मृत्यू जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतले. कर्मफळ पेरणीचा हंगाम आणि निजायची जागा पाहून वाटले जात असेल, तर त्या कर्मात शेतमालकाचे, वीज देणाऱ्याचे आणि दवाखाना दूर ठेवणाऱ्याचेही कर्म मोजावे लागते. मांत्रिकाच्या ओट्यावर गेलेले तीन तास त्याच साखळीत येतात. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांवर चालणारे प्रतिविष देशात तयार होते. ते वेळेत टोचले गेले तर काळाचा युक्तिवाद त्या रुग्णापुरता लागू पडत नाही.

व्याधाचा एक मुद्दा तरीही उरतो: हा सुटला तर आणखी कुणाला मारील. गौतमीकडे त्याला दयेपलीकडे उत्तर नव्हते. आज ते गमबूट, बॅटरी, खाट आणि तालुक्याच्या दवाखान्यातले प्रतिविष यांत सापडते, आणि त्यासाठी साप मारावा लागत नाही.