बुजवलेलं बावखल

आमच्या वाडीत पश्चिमेच्या कुंपणाला लागून एक सपाट जागा आहे. चार गुंठ्यांच्या आसपास असेल. तिच्यावर माझ्या धाकट्या भावाचं घर आहे, पुढे मोटारसायकली लावायला पेव्हर ब्लॉक टाकलेत, कोपऱ्यात जास्वंदीची दोन झाडं. नवीन माणसाला तिथे काही वेगळं दिसणार नाही. पण पहिला मोठा पाऊस पडला की त्या ब्लॉकच्या फटींतून पाण्याचे बुडबुडे वर येतात. भावाच्या नातवंडांना ती गंमत वाटते. मला वाटत नाही. खाली आमचं बावखल आहे आणि ते मी १९९६ साली बुजवलं.

वसईबाहेरच्या वाचकाला बावखल म्हणजे काय ते सांगावं लागेल. विहिरीहून मोठं, तळ्याहून लहान. कठडा नाही, बांधकाम नाही. एका अंगाने उतार, म्हणजे गुरं पाण्यापर्यंत जातात. दुसऱ्या अंगाला रहाट. काठाने भेंडी, करंज, माड. पावसाळ्यात वाडीतलं सगळं पाणी तिथे येऊन थांबायचं आणि हळूहळू जमिनीत मुरायचं. त्याच पाण्यावर पुढे केळी, पानवेल, भाजी, मोगरा. आमच्या सांडोरची जमीन रेताड. पश्चिमेला समुद्र, दक्षिणेला वसईची खाडी, उत्तरेला वैतरणेची. अशा जागी गोडं पाणी जमिनीखाली खाऱ्या पाण्यावर तरंगत असतं, दुधावर साय असते तसं. साय जाड ठेवायची तर वरून पाणी मुरत राहिलं पाहिजे. आमच्या आज्याला हे शास्त्र कोणी शिकवलं नव्हतं, पण बावखलातला गाळ दर उन्हाळ्यात काढायचा हे तो कधी चुकला नाही. तो गाळ केळीला जायचा.

आता यातली खरी गोष्ट. बावखल आमच्या सातबाऱ्यावर होतं, पण रहाट चार घरांचा होता. सकाळची पाळी आमची, दुपारची चुलत्यांची, मग पलीकडच्या दोन वाड्यांची. रेडा ज्याचा त्याने आणायचा. रहाटाची गाडगी फुटली तर चौघांनी मिळून भरायची. लहानपणी मी बापाला विचारलं होतं, बावखल आपलं तर लोकं आपलं पाणी का घेतात? बाप बोलला, जागा आपली आहे, पाणी पाळीचं आहे. मी दहावीपर्यंत शिकलो, १९७६ साली पास झालो, नागरिकशास्त्रात मालमत्तेबद्दलही थोडंफार वाचलं. बापाच्या वाक्याएवढं कामाचं त्यात काही सापडलं नाही. ते कळायला मात्र मला फार वर्षं लागली.

वीज आली, पंप आले. रहाट काढला तेव्हा पाळी संपली. ज्याने त्याने आपापल्या वाडीत बोअर मारली. पाळी संपल्यावर बावखलाकडे चौघं बघत होते ते कोणीच बघेनासं झालं. गाळ निघेना. पाणी हिरवं झालं, डास झाले. भावाचं लग्न ठरलं, जुनं घर दोन कुटुंबांना पुरेना. रस्त्याला लागून मोकळी अशी तीच जागा. मुरमाचे डंपर सांगितले. पुष्कळ खेपा झाल्या असतील. पहिला डंपर रिकामा झाला तेव्हा मोठा आवाज झाला आणि पाणकोंबड्या उडून कुंपणापलीकडे गेल्या, हे मला आठवतं. वाईट वाटलं असं मी लिहिलं तर ते खोटं होईल. तेव्हा सुटल्यासारखं वाटलं होतं.

आणि हाच मी, त्याच्या काही वर्षं आधी, हरित वसईच्या मोर्चात होतो.

जुन्या लोकांना ते दिवस माहीत आहेत. १९९० मध्ये सरकारने सिडकोला आमच्या भागाची नियोजनाची सत्ता दिली. हिरवा पट्टा इमारतींना मोकळा होणार ही भीती घराघरात होती. टँकर रात्रंदिवस विहिरी उपसत होते. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या पुढाकाराने हरित वसई संरक्षण समिती उभी राहिली आणि शेतकरी, मास्तर, फुलं घेऊन पहिल्या गाडीने दादरला जाणाऱ्या बाया, सगळे रस्त्यावर आले. हेच दिब्रिटो पुढे २०२० साली उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले, २०२४ च्या जुलैमध्ये गेले. दहशतीचा काळ होता. त्या वेळी उभं राहायला छाती लागायची, आणि मी उभा होतो याचा मला आजही अभिमान आहे.

मग भराव करताना मला तो मोर्चा का आठवला नाही? हा प्रश्न मी स्वतःला कितीतरी वेळा विचारलाय. उत्तर साधं आहे आणि म्हणूनच त्रास देतं. बिल्डर टाकतो तो भराव, मी टाकला ते घर. बिल्डर पैशासाठी करतो, मी भावासाठी केलं. वसईत बुजलेल्या शेकडो बावखलांपाठी असाच कोणीतरी भाऊ, मुलगी, आजारपण असणार. वाईट माणसांनी बुजवली ती थोडी. पुष्कळशी आमच्यासारख्या बऱ्या माणसांनी, बऱ्या कारणासाठी बुजवली. पाण्याला कारण विचारता येत नाही. ते फक्त जागा शोधतं.

२०१८ च्या जुलैमध्ये त्याने शोधली. चार दिवस वसई पाण्यात होती. गाड्या बंद, लाइट नाही. तुंगारेश्वरच्या डोंगरावरचं पाणी पूर्वी शेतांतून, खाजणातून, मिठागरांतून पसरत पसरत खाडीला जायचं. मध्ये शहर उभं राहिलं, पाणी कोंडलं. मिठागरात राहणारी शेकडो माणसं अडकली. आमच्या घरात घोटाभर पाणी आलं, ते उतरलं. पण त्या रात्री मेणबत्तीच्या उजेडात मी हिशोब करत बसलो. आमच्या बावखलात किती पाणी मावत होतं? चार गुंठे, दीड पुरुष खोल. लाखो लिटर. एका बावखलाने पूर थांबला नसता हे मला कळतं. पण जे पाणी माझ्या वाडीत थांबायचं ते पुढे गेलंच ना? कोणाच्या तरी घरात, ज्याचं तोंड मी कधी बघितलेलं नाही. बोअरचं पाणी तर त्याआधीच मचूळ झालं होतं. ते माझं नुकसान, माझ्याच हाताने झालेलं. त्याची तक्रार नाही. दुसऱ्याच्या घरात गेलेल्या पाण्याचं काय करायचं हे मात्र अजून सुटलेलं नाही.

दोन वर्षांपूर्वी आमच्याकडे पाच-सहा पोरं आली. हातात टेप, मोबाईलवर नकाशा. गावातली उरलेली बावखलं मोजत होती. दोघं इथलीच, बाकीची स्टेशनकडच्या इमारतींत राहणारी. रविवारी येतात, कंबरभर पाण्यात उतरून जलपर्णी ओढतात, प्लास्टिक गोळा करतात, आपल्या घरचे डबे खातात. मला सुरुवातीला त्यांचा रागच आला. ज्या इमारतीत हा मुलगा राहतो तिच्याखाली भाताची खाचरं होती, मी तिथे खेकडे पकडलेत. आता हा आम्हांला पाणथळ जागेचं महत्त्व सांगणार! मी त्याला तसं बोललोही. तो बोलला, "काका, बाबांनी कर्ज काढून खोली घेतली तेव्हा खाली काय होतं ते आम्हांला कोणी सांगितलं नाही. आता कळलंय, तर रविवार देतो. दुसरं काय देऊ?" मला उत्तर सुचलं नाही. पेव्हर ब्लॉकवरच उभा होतो मी.

त्या पोरांबरोबर मीही जाऊ लागलो. कुठे उतार होता, कुठे झरा, कोणत्या बावखलात मरळ मिळायचे, हे सांगणारं एक म्हातारं त्यांना हवंच होतं. मोजता मोजता गाडी आली माझ्या चुलतभावाच्या बावखलावर. आमच्या आळीतलं हे शेवटचं. त्याने ते भरायचं ठरवलंय हे मला माहीत होतं. मुलगा नालासोपाऱ्याला भाड्याने राहतो, त्याला घर बांधून द्यायचंय. मी त्याला समजवायला गेलो. मुरणं, पूर, खारं पाणी, सगळं सांगितलं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं. मग बोलला, "दादा, तू बुजवलंस तेव्हा कोण आलं होतं तुला सांगायला? तुझ्या भावाला घर पाहिजे होतं. माझ्या पोराला नको?"

मी उठून घरी आलो.

त्यानंतर बरेच दिवस मी विचार करत होतो की मला बोलायचा हक्क आहे का. एक मन म्हणतं, नाही. ज्याने स्वतः केलं त्याने दुसऱ्याला शिकवू नये. दुसरं मन म्हणतं, मग बोलणार कोण? वसईत हात स्वच्छ असलेल्यांनीच बोलायचं ठरवलं तर सगळीकडे सामसूम होईल. दारू सुटलेला माणूसच दारूड्याजवळ जास्त बसू शकतो. पण त्यात एक अट आहे. त्याने आधी आपलं सांगितलं पाहिजे. मी चुलतभावाला मुरण्याचं शास्त्र सांगितलं, पण माझ्या बोअरचं पाणी बायको डाळ शिजवायला वापरत नाही हे सांगितलं नव्हतं. मेणबत्तीच्या रात्रीचा हिशोब सांगितला नव्हता.

ते सांगून आलो. तो ऐकून गप्प राहिला. मग त्याने दुसरा प्रश्न विचारला, आणि तो पहिल्यापेक्षा कठीण निघाला. "बावखल राहिलं तर फायदा सगळ्या गावाला. घर गेलं तर तोटा माझ्या एकट्याला. हे कुठलं न्यायाचं?"

त्याचं काय चुकलं? कायद्याकडे बघावं तर खारफुटीच्या बाजूने २०१८ साली मुंबई हायकोर्टाने कडक निकाल दिला, ते चांगलंच झालं. पण केंद्र सरकारच्या २०१७ च्या पाणथळीच्या नियमांत भातखाचरं, मिठागरं, पिण्यासाठी किंवा शिंपण्यासाठी माणसाने केलेली तळी ही पाणथळ धरलेलीच नाहीत. म्हणजे आमच्या वाडवडिलांनी खणलेलं बावखल, वाडी शिंपायला केलेलं, ते कागदावर काहीच नाही. कायदा त्याला वाचवत नाही आणि मालकाला काही देतही नाही. कोलकात्याच्या पूर्वेची तळी वेगळी. शहराचं सांडपाणी तिथे जातं, त्यावर मासे वाढतात, कोळी आणि शेतकरी त्यावर जगतात. म्हणून ती टिकली, आणि २००२ साली जगाच्या रामसर यादीत गेली. तिथे पाण्यावर कोणाची तरी चूल पेटते. आमच्या बावखलावरची चूल पंप आला तेव्हाच विझली, आणि उरलं ते फक्त पुण्य. पुण्यावर पोराचं घर बांधता येत नाही. ज्याच्याकडे बावखल आहे त्याची घरपट्टी माफ करा, गाळ सरकारी खर्चाने काढून द्या, असं मी आणि पोरांनी मिळून एक निवेदन लिहिलंय. दिलंय. बघू.

पण निवेदनाचं उत्तर येईपर्यंत डंपर थांबत नाही. आणि चुलतभावाचा प्रश्न सरकारला नव्हता, मला होता. म्हणून मी एका रात्री बायकोला बोललो, आपल्या वाडीची रस्त्याकडची तीन गुंठे जागा त्याच्या पोराला घरासाठी देऊ. बदल्यात त्याचं बावखल आपल्या दोघांच्या नावावर, न बुजवण्याच्या बोलीवर. त्या तीन गुंठ्यांत सोनचाफ्याची झाडं आहेत, वर्षाचं बरंचसं उत्पन्न त्यांवर.

ती बराच वेळ काही बोलली नाही. मग बोलली, "१९९६ ला भावाला दिलंत तेव्हाही मला विचारलं नव्हतंत. आता विचारलंत, बरं केलंत. पण पोरींना विचारा. जमीन तुमची एकट्याची नाही."

बापाने रहाटाजवळ सांगितलं होतं तेच, फक्त दुसऱ्या बाजूने. पाणी पुढच्यांच्या पाळीचं आहे म्हणून मी त्यांच्या वाट्याची जमीन देऊन टाकायला निघालो होतो, त्यांना न विचारता. चांगल्या कामातही माणूस मालकासारखा वागतो, हे मला त्या दिवशी दिसलं.

धाकटीने लगेच हो म्हटलं. तिची नोकरी चांगली आहे, तिला परवडतं. मोठीचं घर भाड्याचं आहे, तिने विचार करून सांगते म्हटलंय. तिच्यावर जोर करायचा नाही असं आम्ही ठरवलंय. चुलतभावाला मी सगळं जसं आहे तसं सांगितलं. त्याने डंपरवाल्याला मे संपेपर्यंत थांबायला सांगितलंय. मागच्या रविवारी पोरं गाळ काढायला आली तेव्हा तो काठावर बसून बघत होता. थोड्या वेळाने उठला आणि घरातून जुनं घमेलं घेऊन आला. पाण्यात उतरला नाही. पोरं भरून देत होती ते घेऊन केळीच्या बुंध्यात टाकत होता.

मोठीचा फोन अजून आलेला नाही.