बांधावरची मूठभर माती

जीवामृताचे पिंप दुसऱ्या दिवशी उघडले की आंबूस वास येतो आणि वर फेस धरलेला दिसतो. आत जीव वाढतोय म्हणून शेतकरी सुखावतो. वाढतोय हे खरेच; पण कोणता?

नैसर्गिक शेतीचे प्रसारक सुभाष पाळेकरांच्या जीवामृताच्या कृतीत २०० लिटर पाण्याला १० किलो देशी गाईचे शेण, गोमूत्र, २ किलो गूळ, २ किलो बेसन आणि मूठभर बांधावरची माती पडते. गूळ मिळाला की जिवाणूंची चंगळ. सगळे मानवले तर त्यांतले काही वीस-तीस मिनिटांत दुप्पट होतात. यीस्ट हीसुद्धा बुरशीच, पण एकपेशीय. तीही गुळाच्या पाण्यात भराभर वाढते. जमिनीला जिची खरी गरज, ती तंतूंची बुरशी मात्र सावकाश चालते. तिचा तंतू टोकाकडून पुढे सरकतो, त्याला फाटे फुटतात. तिला धरायला काडीकचरा लागतो, आणि जोराने ढवळले की तंतू तुटतात. बुरशी वाढावी म्हणून गूळ वाढवला तर जिवाणूच आणखी माजतात आणि पाण्यातला प्राणवायू संपवतात.

परदेशात कंपोस्ट पाण्यात घालून, हवेचा पंप लावून दीडेक दिवसात अर्क काढतात. तिथल्या जाणत्यांनाही हीच अडचण आली. ते ओलसर कंपोस्टात ओटचे पीठ कालवून उबदार अंधारात काही दिवस ठेवतात. त्यावर पांढरी लव धरली की मगच ते पाण्यात घालतात. म्हणजे बुरशी वाढते ती पिंपाबाहेर, पिंपात ती फक्त उतरते. मला ही गोष्ट फार मोलाची वाटते.

मुळांशी सोयरीक जोडून पिकाला स्फुरद आणून देणारी मायकोरायझा बुरशी तर जिवंत मुळाशिवाय वाढतच नाही. तिच्यासाठी कितीही ढवळा, व्यर्थ. तिला हवे जमिनीवर आच्छादन, नांगराची कमी ये-जा आणि वर्षभर कुठले तरी हिरवे मूळ.

म्हणूनच कृतीतली ती मूठ मला गुळाहून मोठी वाटते. बांधावरचीच माती का? कारण तिथे नांगर फिरत नाही. गवताची मुळे वर्षानुवर्षे तशीच राहतात, त्यांच्या आधाराने बुरशीचे जाळेही. पण दर हंगामात थोडा थोडा कोरत आपण बांध हातभर करून टाकले आहेत, आणि उरलेल्या पट्टीवर तणनाशक मारतो. मग मूठभर मातीसाठी ओढ्याकाठच्या जुन्या वडाखाली जावे लागते.